पिंजऱ्यातल्या सापालाही रात्र हवी, आणि ती नियमात लिहिलेली हवी

साप, सरडे, कासवं, मगरी कुठेही बंदिस्त ठेवायच्या असल्या, म्हणजे प्राणीसंग्रहालय असो, रेस्क्यू सेंटर असो, लॅब असो, ब्रीडिंग फार्म असो नाहीतर कोणाच्या घरातलं टेरॅरियम म्हणजे काचेची पेटी, तर त्यासाठीच्या गाइडलाइन्स मुख्यतः दोन गोष्टींवर बोलतात, जागा आणि उष्णता. पिंजरा प्राण्याच्या लांबीच्या किती पट हवा, एका टोकाला किती डिग्री आणि दुसऱ्या टोकाला किती, यूव्हीबीचा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) दिवा किती अंतरावर, पाण्याचं भांडं केवढं. हे सगळं हवंच, यात काही वाद नाही. पण वेळेबद्दल बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि असलंच तर "दिवे बारा तास" अशी एखादी ओळ असते की झालं. माझं म्हणणं असं आहे की रात्र, म्हणजे खरा अंधार आणि त्या जातीला मानवेल इतका गारवा, हा या प्राण्यांच्या तब्येतीचा भाग आहे आणि ती बंधनकारक असली पाहिजे. आणि दुसरं म्हणजे त्यांच्या रक्ताची तपासणी केली तर त्या रिपोर्टवर सॅम्पल किती वाजता घेतलं आणि तेव्हा प्राण्याचं तापमान किती होतं हे लिहिल्याशिवाय तो रिपोर्ट धरूच नये.

हे मी नुसत्या भावनेपोटी म्हणत नाहीये, याला कारण आहे आणि ते कारण त्यांच्या रोगप्रतिकारक पेशींमधे आहे.

शरीराची प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चोवीस तास सारखाच पहारा येतो. तसं नसतं हे सस्तन प्राण्यांमधे तरी खूप आधीच कळलंय. 1960 मधे फ्रान्झ हॅलबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांना ई कोलाय बॅक्टेरियाचं विष दिलं, डोस तोच, उंदीर तसेच, फक्त दिवसाची वेळ वेगवेगळी, तर एका वेळेला दिलेले बहुतेक उंदीर मेले आणि दुसऱ्या वेळेला दिलेले बहुतेक जगले. सर्केडियन, म्हणजे साधारण चोवीस तासांच्या लयीचा, हा शब्दही त्यानेच 1959 मधे रूढ केला. पुढे 2009 मधे उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर काम झालं, मॅक्रोफेज म्हणजे जंतूंना गिळून पचवून टाकणाऱ्या पेशी, आणि दिसलं की या पेशींच्या आत स्वतःचं घड्याळ आहे आणि त्यांच्यात चालू असलेल्या जीन्सपैकी 8 टक्क्यांहून जास्त जीन्सचं काम दिवसभरात ठरलेल्या लयीत वरखाली होतं. आणि 2016 मधे माणसांवर, 65 वर्षं आणि त्यावरच्या 276 लोकांना फ्लूची लस सकाळी किंवा दुपारी दिली, तर तीनपैकी दोन स्ट्रेन्सविरुद्ध सकाळच्या गटात जास्त अँटिबॉडी तयार झाल्या. लस तीच होती, वेळ बदलली.

आता सरपटणाऱ्या प्राण्यांकडे येऊ. यांच्या साधारण 12 हजार जाती आहेत आणि त्यांच्या प्रतिकारशक्तीवरचं काम उंदराच्या मानाने अगदीच थोडं आहे, पण जे आहे ते महत्त्वाचं आहे. 2015 मधे प्लॉस वन या जर्नलमधे दिवड सापावरचा एक अभ्यास आला, दिवड म्हणजे तो बिनविषारी पाणसाप, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असणारा. दिवसरात्रीत दर चार तासांनी सापांची प्लीहा (स्प्लीन, पोटातला प्रतिकारशक्तीचा एक अवयव) काढून त्यातल्या पेशी तपासल्या आणि हे उन्हाळा, हिवाळा, वसंत अशा तीन ऋतूंमधे केलं. मॅक्रोफेज किती कण गिळतात, जंतू मारायला लागणारी ऑक्सिजनची जहाल रसायनं किती बनवतात, लिम्फोसाइट्स, म्हणजे अँटिबॉडी वगैरे कामं बघणाऱ्या पांढऱ्या पेशी, किती वेगाने वाढतात असं सगळं मोजलं. यातल्या बऱ्याच गोष्टींमधे चोवीस तासांची लय सापडली, आणि ती लय ऋतूप्रमाणे बदलत होती, काही गोष्टींची लय एका ऋतूत स्पष्ट तर दुसऱ्यात दिसतच नाही असंही झालं.

इथे कोणीही विचारेल की साप थंड रक्ताचा प्राणी, दिवसा गरम रात्री गार, मग पेशीही दिवसा चपळ आणि रात्री मंद असणारच, यात घड्याळ कुठून आलं? प्रश्न अगदी योग्य आहे. पण अशा प्रयोगात पेशी शरीराबाहेर काढून लॅबमधे सारख्याच तापमानाला ठेवतात आणि मग त्यांची क्षमता मोजतात. म्हणजे त्या क्षणी सगळ्या पेशींना ऊब सारखीच मिळत असते, तरी दुपारी काढलेली पेशी आणि मध्यरात्री काढलेली पेशी वेगळी वागते, याचा अर्थ शरीरातून निघताना ती आपल्यासोबत वेळेची काहीतरी खूण घेऊन निघालेली असते. ती खूण पेशीतल्या घड्याळाची, की रात्री वाढणाऱ्या मेलाटोनिन या हॉर्मोनची, की दिवसभराच्या उन्हाने आधीच केलेल्या तयारीची, हे वेगवेगळं काढणं हे पुढचं काम. पण पिंजऱ्याचे नियम ठरवायला तेवढं थांबायची गरज नाही, कारण यातलं काहीही असलं तरी ते दिवस आणि रात्र यांच्या फरकातूनच येतंय.

सरपटणाऱ्यांचं घड्याळ लावलं कसं जातं हे तर फारच सुंदर प्रकरण आहे आणि मला वाटतं हे नियम करणाऱ्यांनी आधी समजून घेतलं पाहिजे. सस्तन प्राण्यांमधे मेंदूतलं एक मुख्य केंद्र डोळ्यांतून आलेल्या प्रकाशावर वेळ लावतं आणि बाकीच्या शरीराला सांगतं. सरड्यांमधे कारभार वाटलेला आहे, डोळ्याचा पडदा, मेलाटोनिन बनवणारी मेंदूतली पिनियल ग्रंथी, मेंदूतलं केंद्र, आणि बऱ्याच सरड्यांना आणि न्यूझीलंडच्या टुआटारा या सरड्यासारख्या प्राण्याला डोक्यावर जो तिसरा डोळा असतो तो, हे सगळे मिळून वेळ सांभाळतात, आणि कोणाचा वाटा किती हे जातीनुसार बदलतं. 1970 मधे अंडरवूड आणि मेनाकर यांनी दाखवलं की दोन्ही डोळे काढलेले सरडेही उजेड-अंधाराच्या चक्रावर आपलं घड्याळ लावतात. म्हणजे उजेड कवटीतून थेट आत पोचतो आणि तिथे तो ओळखणाऱ्या पेशी आहेत. यावर तापमानाचीही भर आहे, दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकानेही त्यांचं घड्याळ लागतं आणि मेलाटोनिन किती आणि कधी सुटणार हे उजेडासोबत तापमानही ठरवतं. तरी घड्याळाचा स्वतःचा वेग मात्र गारठ्यात फारसा मंदावत नाही, शरीरातल्या बाकी सगळ्या रासायनिक क्रिया थंडीत मंदावत असताना हे एक काम जवळपास त्याच गतीने चालू राहतं, केवढी कमाल आहे ही.

आता हे डोक्यात ठेवून एखाद्या ठिकाणच्या पिंजऱ्याचा विचार करा जिथे कॉरिडॉरमधली ट्यूब रात्रभर चालू आहे, सिक्युरिटीसाठी, आणि हीटर चोवीस तास एकाच डिग्रीवर आहे कारण "यांना गरम लागतं". सापाला पापण्या नसतात, बहुतेक पालींनाही नसतात, डोळे मिटायची सोय नाही. आणि डोळे झाकून घेता आले असते तरी उपयोग नव्हता, कारण प्रकाश कवटीतून जातो. लपायला खोपटं दिलं तर काही प्रमाणात सुटका होते, पण पुष्कळ पिंजऱ्यांत लपायची जागा नावाला असते कारण प्राणी दिसला पाहिजे. उजेड नाही बदलत, तापमान नाही बदलत, म्हणजे त्या शरीराला वेळ सांगणाऱ्या दोन्ही खुणा आपण पुसून टाकल्या. आणि वर लाल बल्ब लावून रात्र दिली असं समजायची पद्धत आहे, "लाल त्यांना दिसत नाही" म्हणून. दिवसा फिरणाऱ्या कितीतरी सरड्यांना लाल रंग चांगला दिसतो, त्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे आपल्यापेक्षा जास्त प्रकार असतात. ऊब हवी असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो, तो वापरा, लाल बल्बला रात्र म्हणू नका.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सगळ्यात भक्कम पुरावा कोणता असेल तर तो डेझर्ट इग्वानावरचा प्रसिद्ध प्रयोग आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. 1975 मधे क्लुगर आणि सहकाऱ्यांनी या इग्वानांना एरोमोनास हायड्रोफिला या बॅक्टेरियाचा संसर्ग केला आणि त्यांचे गट 34 पासून 42 डिग्रीपर्यंत वेगवेगळ्या स्थिर तापमानाला ठेवले. जास्त उबेत ठेवलेले जास्त जगले, 34 डिग्रीतले जवळपास सगळे गेले. त्याच्या आदल्या वर्षी हेही दिसलं होतं की आजारी इग्वाना आपणहून जास्त गरम जागी जाऊन बसतो, म्हणजे त्याला आतून ताप आणता येत नाही म्हणून तो चालत जाऊन ताप आणतो. 1976 मधे त्यांना तापनाशक औषध दिलं तर ज्यांना ताप आला नाही ते मेले. मग कोणी म्हणेल, बघा, सतत ऊब चांगली, रात्रीचा गारवा कशाला.

पण हा प्रयोग आठवड्याभराच्या तीव्र संसर्गाचा आहे. ती इमर्जन्सी आहे. इमर्जन्सीत आजारी सरड्याला व्हेटने चोवीस तास उबेत ठेवायचं ठरवलं तर तो निर्णय व्हेटचाच राहायला हवा, नियमात तशी सूट स्पष्ट लिहावी. पण त्यावरून निरोगी प्राण्याला वर्षानुवर्षं एकाच तापमानात ठेवायचं समर्थन निघत नाही. उघड्यावरच्या सरड्याचा तापसुद्धा उन्हाच्या भरवशावर असतो, दिवसा चढतो आणि रात्री बराचसा उतरतो, त्या शरीराची घडणच अशा चढउतारातून झालेली आहे. शिवाय या प्रयोगातून मला दिसणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे निवड, त्या प्राण्याला ऊब आणि गारवा दोन्हीकडे जाता आलं पाहिजे, एकाच डिग्रीच्या पेटीत त्याला ताप आणताच येत नाही. आणि आजारी प्राण्याची ऊब चालू ठेवली म्हणून त्याचा दिवा चालू ठेवायचं काही कारण नाही, ऊब आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण एका बल्बमधून दोन्ही देतो म्हणून त्या एक वाटतात.

दुसरा आक्षेप असा की रात्र न मिळाल्यामुळे साप आजारी पडले असं थेट दाखवणारा पुरावा कुठाय. उंदरांमधे आहे. 2010 मधे उंदरांचं उजेड-अंधाराचं चक्र दर आठवड्याला सहा तासांनी पुढे सरकवलं, असं चार आठवडे, आणि मग बॅक्टेरियाचं विष दिलं तर त्यांच्यात दाह खूप जास्त भडकला आणि जास्त उंदीर मेले, आणि हे झोप कमी झाल्यामुळे नव्हतं, घड्याळ विस्कटल्यामुळे होतं. उंदराचं सापाला जसंच्या तसं लावायचं नाही हे मान्य आहे. सापांना आपल्यासारख्या लिम्फ नोड्स (प्रतिकारक पेशींच्या गाठी) नसतात, प्लीहेवर भार जास्त असतो, त्यांच्या अँटिबॉडी सावकाश तयार होतात आणि दुसऱ्यांदा तोच जंतू आला तरी प्रतिसाद आपल्याइतका तगडा नसतो. पण याचा अर्थ काय होतो बघा, ज्या प्राण्याचा अँटिबॉडीचा कारभार संथ आहे त्याला मॅक्रोफेजसारख्या आघाडीवरच्या पेशींवर जास्त अवलंबून राहावं लागतं, आणि दिवडमधे लय सापडली ती नेमकी या पेशींच्या कामात. म्हणजे फरकामुळे माझा मुद्दा ढिला पडत नाही, उलट काळजीचं कारण वाढतं.

एक अभ्यास उलट बाजूचा म्हणूनही दाखवला जाईल. 2020 मधे अ‍ॅनोल सरड्यांवर रात्रीच्या कृत्रिम उजेडाचा प्रयोग झाला आणि उजेडातल्या सरड्यांची वाढ जास्त झाली, माद्यांनी अंडीही जास्त घातली. ब्रीडर म्हणेल की झालं तर, उजेड चांगलाच आहे. इथे मला खरी भीती वाटते. वाढ आणि अंडी हे विकणाऱ्याच्या फायद्याचे आकडे आहेत, प्राण्याच्या तब्येतीचे असतीलच असं नाही. शरीराकडची ऊर्जा ठरावीक असते, अंड्यांकडे जास्त गेली तर ती कुठून तरी कमी होते, आणि प्रतिकारशक्ती हा खर्चिक विभाग आहे. ज्या धंद्यात अंड्यांची संख्या हीच निरोगीपणाची खूण मानली जाते तिथे रात्र काढून घेण्याचा मोह कायम राहणार आणि तो प्रत्येकाच्या सद्बुद्धीवर सोडून चालणार नाही, म्हणूनच नियम हवा.

रक्ताच्या रिपोर्टचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो पण मला तो तितकाच मोठा वाटतो. सरपटणाऱ्यांच्या लाल पेशींमधेही केंद्रक असतं, त्यामुळे माणसांच्या रक्तासाठी बनवलेली मशीन त्यांच्या पांढऱ्या पेशी नीट मोजू शकत नाही, स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली हाताने मोजाव्या लागतात. आपल्या न्यूट्रोफिल या जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या जागी त्यांच्यात हेटेरोफिल असतात, आणि लिम्फोसाइटच्या तुलनेत हेटेरोफिल वाढले की प्राणी स्ट्रेसमधे आहे असं मानतात. या एका आकड्यावर मोठे निर्णय होतात, हा साप सोडायच्या लायकीचा झाला का, अमुक ठिकाणचे सरडे तमुक ठिकाणच्यांपेक्षा जास्त ताणात आहेत का, हे कासव औषधाला दाद देतंय का. पण रक्तात कोणत्या पेशी किती फिरतायत हेच दिवसभरात बदलत असेल, माणसात तर बदलतंच, रात्री लिम्फोसाइट जास्त असतात आणि दिवसा कमी, तर सकाळी आठचा नमुना आणि संध्याकाळी सहाचा नमुना शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष कशाबद्दल आहे, ताणाबद्दल की घड्याळाबद्दल? कॉर्टिकोस्टेरॉन या ताणाच्या हॉर्मोनसाठी अभ्यासक पकडल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्त घ्यायचा आग्रह धरतात, इतकी काळजी घेतात, आणि पेशी मोजताना मात्र कितीदा तारीख असते पण तास नसतो. फॉर्मवर दोन रकाने वाढवायचे आहेत, वेळ आणि तापमान. याला कसलाही खर्च नाही, पण ते नसले तर आधीचे सगळे नमुने एकमेकांशी ताडून बघण्याच्या कामाचे राहत नाहीत.

आणि प्रयोगात गेलेल्या प्राण्यांचाही विचार व्हायला हवा. प्लीहा काढायची म्हणजे तो साप संपतोच. दर चार तासांनी, तीन ऋतूंमधे. हे ज्ञान फुकट आलेलं नाहीये, ते ज्यांच्या जिवावर आलं त्याच जातीच्या बंदिस्त प्राण्यांना त्याचा उपयोग होत नसेल, तो पेपर जर्नलमधे पडून राहणार असेल आणि पिंजऱ्यातली ट्यूब तशीच चालू राहणार असेल तर मला ते पटत नाही. हे काम मुळात कशाला करायचं, सापाच्या पेशींची वेळ कळून कोणाचं भलं होणार, असं विचारणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे की अशा कामातूनच पाळण्याचे नियम निघायला हवेत, नाहीतर आपण अंदाजाने प्राणी ठेवत राहतो.

अवघड जाईल असंही नाही. प्राणीसंग्रहालयांनी कितीतरी वर्षांपासून नॉक्टर्नल हाऊस चालवलीयेत, जिथे रात्री मोठे दिवे लावतात आणि दिवसा अंधुक ठेवतात, म्हणजे निशाचर प्राणी लोकांना जागे दिसावेत. दिवसरात्र उलटी करायची पण रोज नेमकी त्याच वेळी, हे जमतं, कारण तिथे बघणाऱ्यांची सोय आहे. मग तेच टायमर आणि तेच थर्मोस्टॅट प्राण्याच्या सोयीसाठीही जमायला हवेत.

नियम सगळ्यांना एकच नको एवढी काळजी मात्र घ्यावी लागेल. निशाचर पाल, दिवसा ऊन खाणारा इग्वाना आणि गारव्यातच बरं वाटणारा टुआटारा यांची रात्र सारखी नसते, आणि ऋतूप्रमाणे दिवसाची लांबीही बदलते, ती बारा-बारा तासांवर वर्षभर गोठवून ठेवली तर ऋतूची खूण जाते, आणि दिवडमधे आपण पाहिलंच की ऋतूप्रमाणे लय बदलते. त्यामुळे नियमात जातीच्या मूळ प्रदेशानुसार अंधाराचे किमान तास, रात्रीच्या तापमानाची खालची आणि वरची मर्यादा, आणि वर्षभरात ती कशी सरकेल असं लिहावं लागेल. उष्ण कटिबंधातल्या पावसाळी जंगलातल्या जातीला दोन-तीन डिग्रीचा फरकही पुरेल, वाळवंटातल्या जातीला मोठा लागेल.

राहिला प्रश्न तपासणीचा. तपासणी करणारा माणूस दिवसाच येणार, त्याला रात्र दिसणारच नाही, कागदावर "रात्री दिवे बंद" लिहिलेलं असेल आणि तो सही करून जाईल. म्हणून प्रत्येक खोलीत उजेड आणि तापमान दोन्ही नोंदवणारा छोटा डेटा लॉगर असावा, पिंजऱ्याच्या आत, प्राण्याच्या उंचीवर, आणि परवाना रिन्यू करताना त्या नोंदी चोवीस तासांच्या, वर्षभराच्या, जोडल्याशिवाय अर्ज घेऊ नये.